झाकून न ठेविलेली विद्या

परंडा तालुक्यांतील सोनारी हें गांव काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळें सर्वश्रुत आहे. तेथील एक तरुण, आमचा जुना विद्यार्थी, पुण्यास संकेतस्थळें बांधण्याचा व्यवसाय करितो. सुटींत घरीं आला म्हणजे तो तारा, बॅटऱ्या व लहान लहान पाट्या पसरून बसतो. त्याचे वडील एकदां आम्हांस म्हणाले, "गुरुजी, एवढा शिकला, पण याचा खेळ कांहीं सुटत नाहीं. त्या खेळापायीं माझे कांदे सडले." ही तक्रार खोटी नव्हती. तथापि तो छंद काय आहे हें समजल्यावांचून तिचा निवाडा करणें योग्य नव्हे.

त्या पाटीस अर्डुइनो म्हणतात. इ. स. २००५ मध्यें इटलींतील इव्हरेआ येथें, विद्युत्-शास्त्र न शिकलेल्या विद्यार्थ्यांसही यंत्रें करितां यावीं या हेतूनें ती निर्माण झाली. ती तळहातावर मावते. तिच्या ‘उनो’ या प्रकारांत सहा वाटा अशा आहेत कीं, त्यांतून येणारा विजेचा कमीअधिक दाब मोजून ती ० पासून १०२३ पर्यंतचा आंकडा देते. जमिनींत धातूच्या दोन शलाका रोविल्या असतां ओल्या मातींतून वीज सहज वाहते, कोरड्या मातींतून अडते. त्यावरून ओल कळते. हा आंकडा बिनतारी साधनानें संकेतस्थळावर धाडिला कीं, पुण्यास बसून सोनारीच्या वावराची ओल पाहतां येते.

या पाटीचा नकाशा गुप्त नाहीं. तें संकेतस्थळ ज्या वर्डप्रेसवर उभें आहे, त्याची आज्ञावलीही खुली आहे. खुली म्हणजे काय? शेजारणीनें पुरणपोळी वाढली तर ती त्याच दिवशीं संपते. पण पोळीबरोबर कृतिही सांगितली, तर ती आपल्या घरीं पुनः होते, आणि गूळ कमी कीं अधिक हें आपण ठरवितों.

वर्डप्रेसचा जन्मच या खुलेपणांतून झाला. मिशेल वाल्द्रिघी नांवाच्या गृहस्थानें ‘बी-टू’ ही आज्ञावली लिहिली होती. पुढें तिचें काम थांबलें. ती झाकलेली असती तर तेथेंच संपती. परंतु ती खुली होती. म्हणून अमेरिकेंतील मॅट मुलेनवेग हा १९ वर्षांचा तरुण व इंग्लंडांतील माइक लिटल यांनीं ती पुढें नेली आणि २७ मे २००३ रोजीं वर्डप्रेस प्रसिद्ध केलें. आज जगांतील संकेतस्थळांपैकीं सुमारें चाळीस टक्के त्यावर चालतात. स्वयंसेवकांनीं तें मराठींतही आणिलें आहे. त्याचा परवाना असा कीं, कोणीही तें वापरावें, तपासावें, बदलावें. मात्र बदललेली आज्ञावली दुसऱ्यास दिली तर हेंच स्वातंत्र्य त्यासही द्यावें.

आतां कांद्यांकडे वळूं. शलाकांतून वीज अहोरात्र वाहूं दिल्यामुळें ओल्या मातींत त्या गंजून झिजल्या. गंजामुळें वीज अडूं लागली, आणि माती ओली असतांही आंकडा कोरडेपणा दाखवूं लागला. मुलानें पुण्याहून सांगितलें, वडिलांनीं विश्वासानें पाणी दिलें. ज्या दिवसांत विहिरीचा एकेक हात मोजावा लागतो, त्या दिवसांत दोन पाळ्या व्यर्थ गेल्या आणि कांहीं वाफे सडले.

ही चूक लपवितां आली असती. त्यानें ती गंजलेल्या शलाकांच्या छायाचित्रांसह आपल्या संकेतस्थळावर लिहिली. शोध करितां हाच दोष इतरांनींही पूर्वी लिहून ठेविल्याचें त्यास आढळलें. उपायही तेथेंच होता. वीज केवळ मोजण्याच्या क्षणीं सोडावी, अथवा उघडी धातु मातीस लागणार नाहीं असें साधन वापरावें. त्यानें दुसरा मार्ग पतकरिला. आतां वडील आंकडा ऐकतात, पण मुळाशीं हात घालून माती चिमटींत पाहिल्याशिवाय पाणी सोडीत नाहींत. यंत्रास तपासणारा असावा लागतो, हें बाप व लेक दोघेही शिकले.

हातानें करून शिकण्याची ही परंपरा आपल्याकडे नवी नाहीं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें विज्ञान आश्रम स्थापून ग्रामीण मुलांस कामांतून शिक्षण देण्यास आरंभ केला. २००२ सालीं तेथें अमेरिकेंतील एम.आय.टी. संस्थेच्या सहाय्यानें फॅब लॅब ही कार्यशाळाही उघडली.

विद्यार्थ्यांनो, दुसऱ्याची कृति घ्याल तेव्हां त्याचें नांव सांगा. आपली चूक सांपडेल तेव्हां ती लिहून ठेवा. पालकहो, मुलानें तारा पसरल्या तर रागावण्यापूर्वी एवढेंच विचारा कीं, "हें कोणासाठीं करितोस, आणि चुकलें तर सांगशील ना?" या दोन प्रश्नांचें उत्तर नीट आलें, तर त्यास थोडी जागा करून द्या.