आज ओट्याला पाणी नाही

पहाटे ५:३०
आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही. एरवी त्यावरून मी कुरकुरते, आज मात्र तेच पथ्यावर पडलंय. टाकी काल भरून झाली, आता नळ परवा. मे महिना, शाळेला सुट्टी. स्वयंपाकाचा ओटा आणि भिंतीच्या टाइल्स यांच्यामधली सांध उकरून नव्यानं भरायचीय, आणि त्यासाठी ओटा दोन दिवस ठणठणीत कोरडा हवा. कळण्याच्या भाकरी अंगणातल्या चुलीवर थापून झाल्या. ठेचा कालचाच आहे.

सांधेतून पाणी मुरतंय हे कळलं ते ओट्याखालच्या फळीवरून. दादर ज्वारीच्या पिठाचा डबा उघडला तर तळाला ओल आणि पिठाला जाळी. डबा बदलला, फळी बदलली, पुन्हा तेच. मग एकदाची नजर वर गेली.

७:००
कटर, पटाशी, जुनी दाढीची पाती, मास्किंग टेप, स्पिरिट, फडकी. सिलिकॉनची नळी आणि ती दाबायची गन.

सांध उकरू लागलं की घराचा इतिहास निघतो. तळाशी व्हाइट सिमेंट, घर बांधलं तेव्हाचं. ते दगडासारखं कडक. गरम पातेलं ठेवलं की ओटा थोडा फुगतो, भिंत काही फुगत नाही. या ओढाताणीत सिमेंटला केसाएवढी चीर पडते आणि पाण्याला तेवढी पुरते. त्या चिरेवर गेल्या वर्षी एका मिस्त्रींनी वरूनच सिलिकॉन ओढून दिलं. खालचं काही न काढता. दिसायला झकास. दिवाळीपर्यंत कडा सुटल्या, आत काळी बुरशी.

ही बुरशी मी आठ महिने ब्रशनं घासत होते. ती वर नव्हतीच, सिलिकॉनच्या मागे होती.

काढायची रीत सोपी आहे, चिकाटी मात्र लागते. कटरचं पातं आधी टाइलला लावून एक चीर, मग दगडाला लावून दुसरी, आणि टोक पकडून ओढायचं. नशीब असेल तर हातभर पट्टी शेवईसारखी सुटून येते. हातभरच आली. पुढे सगळे तुकडे.

८:३०
पट्टी निघाली म्हणजे काम झालं असं वाटतं, आणि इथेच बहुतेक जण फसतात. दगडावर एक पातळ साय उरते. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळते: बोट सरकायच्या जागी किंचित अडखळतं. घट्ट झालेल्या सिलिकॉनवर दुसरं काहीच नीट धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा. स्पिरिटनंही ते विरघळत नाही. पातं आडवं धरून खरडायचं, बोट फिरवायचं, पुन्हा खरडायचं. जेमतेम सात फुटांच्या सांधेला दोन तास.

सासूबाई दारात. “माय वं, इतलं घासी घासी दगड झिजाडशी का?”

१०:३०
आता नळाची गोष्ट. आमच्या ओट्यावर जुनी पितळी तोटी आहे. तिच्या बुडाशी, जिथे ती टाइलमधून बाहेर येते, तिथे गेल्या वर्षी तेच सिलिकॉन फासलं होतं. ते काढलं तर खाली हिरवी कडी.

सोनगीरमध्ये याचं कारण कुणाला समजावून सांगावं लागू नये. मुंबई-आग्रा महामार्गावरचं हे गाव किल्ल्याइतकंच तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवलं तर ते कळकतं, हे इथे पोरासोरांना ठाऊक. आणि गेल्या वर्षी नळी उघडल्यावर घरभर व्हिनेगरचा वास सुटला होता! स्वस्तातलं नेहमीचं सिलिकॉन घट्ट होताना ॲसेटिक आम्ल सोडतं, वास त्याचाच. काचेला ते चालतं. पितळेला, तांब्याला नाही. कडप्प्यालाही नाही, कारण कडप्पा दिसायला काळा कणखर असला तरी जात चुनखडीची. त्यावर लिंबू पिळलं तरी पांढुरका डाग उठतो. आमच्या कडप्प्याच्या ओट्याच्या मागच्या कडेची फिकट रेघ मी साबणाची समजत होते.

वास मला तेव्हाही आला होता. आंबट वास आणि समोर पितळ, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. याचा दोष मिस्त्रींना कसा देऊ?

या वेळी नळीवर ‘न्यूट्रल’ वाचूनच घेतली. त्यातलेही काही प्रकार तांब्या-पितळेला काळवंडवतात, म्हणून आधी तोटीच्या मागे ठिपका लावून आठवडाभर पाहिलं. रंग बदलला नाही.

११:३०
स्पिरिटचं फडकं, मग उन्हाळ्याची झळ. खिडकी उघडी टाकली तर पाऊण तासात सांध खडखडीत. पाणी साठलं की सिंकचं भांडं जड होऊन कड खाली ओढली जाते, म्हणून सिंक बादलीभर पाण्यानं भरून ठेवलं. रिकाम्या सिंकभोवती भरलेली सांध पुढे वजन पडलं की ताणली जाते.

शेजारचे काका डोकावले. जन्म तांबटकामात गेला, आता हात थरथरतो. चष्मा वर करून त्यांनी सांधेवर बोट फिरवलं, अगदी कोपऱ्यात, जिथे मी कंटाळा केला होता. “इथं राहिलंय.” राहिलंच होतं. मग खुर्चीत बसून त्यांनी कल्हईचं सांगितलं: भांडं आधी घासून उजळ करायचं, तापवायचं, नवसागर मारायचा, पांढरा धूर निघाला की कथील फिरवून कापसानं पुसायचं. कथील पळतं ते उजळ तांब्यावर. मळ असेल तिथे ते गोळा होऊन बसतं. पूर्वी गिऱ्हाईक घाई करायचं, तेव्हा ते काय करायचे? “त्याला चहा पाजायचो.”

मी कोपरा पुन्हा खरडला. चहाही केला, चुलीवर.

१:००
वर-खाली टेप. नळीचं तोंड सांधेच्या रुंदीएवढं, तिरपं कापलं. गन एका चालीनं ओढत न्यायची, मध्ये थांबलं की गाठ येते. दोन गाठी आल्या. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एकदाच फिरवलं. दुसऱ्यांदा फिरवायचा मोह आवरायचा, आणि टेप लगेच काढायची. दहा-पंधरा मिनिटांत वर साय धरते, मग टेपबरोबर कडही उपटून येते.

पाच तास खरडणं, वीस मिनिटं भरणं.

५:००
झोप काढली. सिलिकॉन घट्ट व्हायला हवेतली ओल लागते, आणि मे महिन्यात खानदेशच्या हवेत ओल कुठली? म्हणून पाण्याचा कूलर स्वयंपाकघराच्या दाराशी आणून लावला. सासूबाईंना वाटलं सूनबाई त्यांच्यासाठी लावतेय. मी काही बोलले नाही.

९:३०
टाइलच्या एका तुकड्यावर तीच रेघ ओढून ठेवली होती, तपासायला. नखानं दाबली. वर कातडी, आत लोणी. दिवसाला दोन-तीन मिलिमीटर घट्ट होतं, आणि माझी सांध कोपऱ्यात पाच मिलिमीटर तरी खोल आहे. परवा सकाळी नळ आला तरी ओट्यावर पाणी सांडायचं नाही. खरकटी भांडी अंगणातल्या मोरीवर.