दादागिरी नको, दादा हवा!

कोलकात्याच्या कॉलेजात पाय ठेवला की नव्या मुलाला पहिला धडा मिळतो तो नावांचा. एक वर्ष पुढे असलेला प्रत्येक मुलगा 'दा' आणि प्रत्येक मुलगी 'दी'. सुजय असेल तर सुजयदा, मिताली असेल तर मितालीदी. वयात जेमतेम सहा महिन्यांचं अंतर असलं तरी हे शेपूट लावायलाच हवं. यात गोडवा आहे, नाही असं नाही. परगावातून ट्रंक घेऊन आलेल्या पोराला एका दिवसात पन्नास थोरले भाऊ मिळतात. आपल्या मराठीत मात्र 'दादा' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक पाठीशी उभा राहणारा, दुसरा गल्लीच्या तोंडाशी उभा राहणारा. वसतिगृहात आपल्याला यातला कोणता भेटणार, हे नव्या मुलाला आधी ठाऊक नसतं.

जादवपूर विद्यापीठात २०२३ च्या ऑगस्टमध्ये एका मुलाला तो कळला तेव्हा फार उशीर झाला होता. ९ ऑगस्टच्या रात्री मुलांच्या मुख्य वसतिगृहाच्या इमारतीवरून प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी खाली कोसळला आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयात मरण पावला. बंगाली विषय घेऊन तो शिकायला आला होता आणि येऊन पुरता आठवडाही झाला नव्हता. त्याला अठरावं पूर्ण झालेलं नव्हतं, म्हणून पोलिसांनी पुढे बालकांच्या संरक्षणासाठी असलेल्या 'पोक्सो' कायद्याचं कलमही लावलं. अनेक आजी-माजी विद्यार्थ्यांना अटक झाली. होय, माजीसुद्धा! परीक्षा देऊन मोकळे झालेले काही जण खोल्या अडवून वसतिगृहातच राहत होते. विद्यापीठाच्या चौकशी समितीने त्या मुलाचं रॅगिंग झाल्याचं नमूद केलं आणि नव्या मुलांची राहण्याची सोय वेगळी करण्यात आली. कोणाचा गुन्हा किती, हा न्यायालयाचा विषय. पण एक प्रश्न कोणत्याही आईबापाच्या मनात येईल. त्या रात्री वसतिगृह रिकामं नव्हतं. मग बाकीची मुलं कुठे होती?

कायद्याची वाण होती म्हणावं तर तसंही नाही. तामिळनाडूने १९९७ मध्ये, महाराष्ट्राने १९९९ मध्ये आणि पश्चिम बंगालने २००० मध्ये रॅगिंगविरोधी कायदे केले. महाराष्ट्रात तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये निर्देश दिले, नंतर राघवन समिती नेमली गेली आणि २००७ मध्ये तिचा अहवाल आला. २००९ च्या मार्चमध्ये हिमाचल प्रदेशातल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा विद्यार्थी वरच्या वर्गातल्या मुलांच्या मारहाणीनंतर गेला आणि देश हादरला. त्याच वर्षी जूनमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सविस्तर नियम काढले. तरीही 'सेव्ह' या स्वयंसेवी संस्थेने २०२५ मध्ये जो अहवाल दिला, त्यात २०२२ ते २०२४ या काळात रॅगिंगशी निगडित ५१ मृत्यू नोंदले आहेत. राष्ट्रीय हेल्पलाइनवर आलेल्या तक्रारींपैकी ३८.६ टक्के वैद्यकीय महाविद्यालयांतल्या होत्या. देशातल्या एकूण विद्यार्थ्यांत या महाविद्यालयांचा वाटा आहे अवघा १.१ टक्के. मुंबईच्या नायर रुग्णालयात २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली, तेव्हा वरिष्ठ सहकाऱ्यांकडून जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला होता. ती जखम महाराष्ट्र विसरलेला नाही.

२००९ च्या नियमांपैकी पालकांना साधारण एकच गोष्ट माहीत असते, ती म्हणजे प्रवेशाच्या वेळी मुलाने आणि पालकाने भरून द्यायचं प्रतिज्ञापत्र. सही करून ते फायलीत जातं आणि विषय संपतो. याच नियमावलीत एक कलम असं आहे, की ते वाचून थांबायला होतं. प्रत्येक संस्थेने वर्षाच्या अखेरीस स्वखुशीने पुढे आलेल्या विद्यार्थ्यांचा एक मार्गदर्शक कक्ष उभा करायचा आहे. पुढच्या वर्षी येणाऱ्या नव्या मुलांसाठी हे विद्यार्थी 'मेंटॉर' व्हायचे. दर सहा नव्या मुलांमागे एक. त्याच्यावर पुन्हा वरच्या वर्षाचा एक, सहा मेंटॉरमागे एक या हिशेबाने. म्हणजे 'दा' हवाच, फक्त तो नेमलेला हवा, त्याचं नाव सर्वांना ठाऊक हवं आणि त्याच्यावरही कोणाची तरी नजर हवी. नियम करणाऱ्यांनी इथे माणसाचा स्वभाव ओळखला होता. प्रोफेसरसाहेब रात्री अकराला वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर नसतात. शेजारच्या खोलीतला मुलगा असतो.

हा शेजारचा मुलगा खरोखर काही करू शकतो का? कॅनडात टोरांटोच्या शाळांमध्ये संशोधकांनी खेळाच्या मैदानावर कॅमेरे आणि दूरवरून ऐकणारे मायक्रोफोन लावून मुलांचं निरीक्षण केलं. २००१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. छळाच्या १०० प्रसंगांपैकी ८८ वेळा इतर मुलं तिथे हजर होती. मध्ये पडली ती फक्त १९ वेळा. पण ज्या ज्या वेळी कोणी मध्ये पडलं, त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा, नेमकं सांगायचं तर ५७ टक्के वेळा, सारा प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! "ए, सोड त्याला" एवढं म्हणायला लागतात तेवढेच. ती लहान मुलं होती आणि मैदान शाळेचं होतं. वसतिगृहातली टोळी इतक्या सहज हटत नाही, हे खरं. तरी टोळीला प्रेक्षक लागतात, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

फिनलंडने नेमकं हेच हेरलं. तिथे तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांच्या संशोधनातून 'किवा' नावाचा शालेय कार्यक्रम उभा राहिला. छळ झालेल्या मुलाशी शिक्षक बोलतातच, शिवाय वर्गातली दोन-चार समंजस आणि इतरांमध्ये वजन असलेली मुलं निवडून त्याच्या सोबतीला राहायला सांगतात. भांडण सोडवायला त्यांना कोणी सांगत नाही. डबा एकत्र खा, घरी जाताना बरोबर जा, बस्स.

हा फरक महत्त्वाचा आहे. उत्साहाच्या भरात काही शाळा मुलांनाच पंच करतात. छळणारा आणि छळला जाणारा समोरासमोर बसवून समेट घडवायला लावतात. केंब्रिजच्या टोफी आणि फॅरिंग्टन या संशोधकांनी २०११ मध्ये जगभरातल्या डझनावारी कार्यक्रमांची छाननी केली, तेव्हा मुलांवर अशी कामं सोपवलेल्या ठिकाणी त्रास उलट वाढलेला दिसला. पुढच्या अभ्यासांत चित्र इतकं वाईट नव्हतं. तरी धडा घ्यावा असाच आहे. चौदा वर्षांच्या पोराला न्यायाधीश करू नये, त्याला मित्र होऊ द्यावं.

कोलकात्याला हे नवं नाही. पाड्यातला क्लब, कट्ट्यावरचा अड्डा आणि दुर्गापूजेसाठी महिनाभर राबणारी तरुण पोरं हे या शहराचं वैभवच. सोनागाछीतल्या वारांगनांच्या मुलांनी 'आमरा पदातिक' नावाची स्वतःची संघटना काढली. 'आम्ही पायदळाचे शिपाई' असा त्याचा अर्थ. आईच्या व्यवसायावरून शाळेत ऐकावे लागणारे टोमणे या मुलांच्या अंगवळणी पडले होते. एकेकट्याने ते गिळण्यापेक्षा मिळून तोंड द्यायचं त्यांनी ठरवलं. शहरातलीच 'थॉटशॉप फाउंडेशन' ही संस्था १९९३ पासून काम करते. तिच्या मदतीने गरीब वस्त्यांमध्ये तरुणांची केंद्रं उभी राहिली. ती चालवणारी मुलं-मुली त्या त्या वस्तीतलीच. मुलींवरची जबरदस्ती, बालविवाह, घरातली मारहाण अशा विषयांवर ती बरोबरीच्या मुलांशी बोलतात. बाहेरून आलेल्या ताईपेक्षा शेजारच्या चाळीतल्या मुलीचं ऐकलं जातं, हे वेगळं सांगायला नको.

कोलकात्याजवळच्या खरगपूर आयआयटीत विद्यार्थ्यांचा 'स्टुडंट्स वेल्फेअर ग्रुप' आहे आणि नव्या मुलांना जुन्यांची सोबत देणं हे त्याचं एक काम. मुंबई आयआयटीतही वरच्या वर्गातले विद्यार्थी मेंटॉर होतात. त्यासाठी अर्ज आणि मुलाखत असते. पुण्यात 'कनेक्टिंग' ही आत्महत्या रोखण्यासाठी झटणारी संस्था शाळेतल्या मुलांनाच साथी म्हणून तयार करते. सरकारनेही २०१४ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात 'साथिया' म्हणजे समवयस्क मुलं नेमली. या कार्यक्रमातल्या सल्ला केंद्रांना बंगालमध्ये 'अन्वेषा' म्हणतात, महाराष्ट्रात 'मैत्री'.

या सगळ्याचा उपयोग होतो, याचा आपल्या देशातला भक्कम पुरावा बिहारमधून आला. गोव्याच्या 'संगत' या संस्थेने नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी शाळांमध्ये 'सेहेर' नावाचा प्रयोग केला. ७४ शाळांची आकडेवारी 'लॅन्सेट'मध्ये २०१८ साली छापून आली. काही शाळांत गावातलाच एक प्रशिक्षित समुपदेशक नेमला, काहींत तेच काम शिक्षकाकडे दिलं आणि काही शाळा तुलनेसाठी तशाच ठेवल्या. मुलांचे गट, भित्तिपत्रक, मनातलं लिहून टाकण्याची पेटी, असं साधंसुधं साहित्य. समुपदेशक असलेल्या शाळांत मुलांमधली दादागिरी आणि मारामारी कमी झाली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत फारसा फरक पडला नाही. गुरुजींचा दोष नाही. ज्याच्या हातात पट्टी आहे त्याच्याजवळ मन मोकळं करणं अवघडच असतं.

साथी होणाऱ्या मुलाला शिकवायचं काय? आधी ऐकायला. सल्ला न देता, "त्यात काय मोठं" असं न म्हणता. दुसरं म्हणजे एकटं न सोडायला. जेवणघरात शेजारी बसणं, रात्री 'इंट्रो'साठी बोलावणं आलं तर "मीही येतो" म्हणणं. आणि तिसरं, गुपित कुठे संपतं ते. जिवाला धोका दिसला तर मैत्रीची शपथ बाजूला ठेवून त्याच क्षणी मोठ्या माणसाला सांगायचं. पंधरा-सोळा वर्षांच्या खांद्यावर दुसऱ्याचा जीव तोलण्याचं ओझं टाकता येत नाही. म्हणून साथीच्या मागेही कोणीतरी जाणतं माणूस लागतं. हे नसेल तर नुसते बिल्ले वाटून काही साधत नाही.

पालकांसाठी दोन नंबर. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, ती चोवीस तास चालते. मनावर ताण असेल तर 'टेली-मानस' १४४१६. मुलाच्याही मोबाइलमध्ये ते आजच टाकून ठेवावेत. तक्रार करणारा स्वतः त्रास भोगणाराच असला पाहिजे असं नाही. पाहणारा मित्रही फोन करू शकतो.

आणि प्रवेशाच्या दिवशी फी भरून, पावती नीट घडी करून झाली, की खिडकीवरच्या कारकुनाला एक प्रश्न विचारावा: "माझ्या मुलाचा मेंटॉर कोण, त्याचं नाव मिळेल का?" कारकून गोंधळला, तर प्राचार्यांच्या खोलीकडे जावं. नियम २००९ चा आहे. सहामागे एक.