एसआर गोळी चुरू नका

रमजानमध्ये अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीतल्या आपल्या कितीतरी घरांत दस्तरखानावर खजुरांशेजारी औषधांचा डबाही असतो. मधुमेह असेल तर त्यात मेटफॉर्मिन बहुधा असतेच. गोळी मोठी, अब्बांना गिळवत नाही, म्हणून अम्मी ती चमच्याने चुरून देते. कुणी पट्टी जास्त दिवस पुरावी म्हणून अर्धी करते. पण नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर किंवा एमआर अशी अक्षरे असतील, तर डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारल्याशिवाय गोळी तोडू नये आणि चुरू तर मुळीच नये. का, ते आपण समजून घेऊ.

शरबतातला सब्जा आठवा. पाणी लागताच दाण्याभोवती बुळबुळीत थर चढतो. अशा बऱ्याच गोळ्यांतही हेच घडते. औषधासोबत त्यांत एचपीएमसी नावाचा पदार्थ असतो. तो लाकडाच्या किंवा कापसाच्या सेल्युलोजपासून तयार करतात. पोटात पाणी शोषून तो फुगतो आणि त्या जेलीतून औषध हळूहळू झिरपते. साध्या मेटफॉर्मिनची रक्तातील पातळी साधारण अडीच-तीन तासांत सर्वात वर जाते, एसआरची सुमारे ७ तासांनी. अनेकांना पोटाचा त्रासही कमी होतो.

गोळी चुरली की ही सारी व्यवस्था मोडते. तासन्‌तास पुरायचे औषध एकदम सुटते. मेटफॉर्मिनने मळमळ, जुलाब होऊ शकतात. ग्लिक्लाझाइड एमआर असेल तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. उलट, शौचात कधी गोळीसारखा मऊ गोळा दिसला तर घाबरू नका. औषध शरीरात गेलेले असते, उरते ते नुसते कवच.

कॅप्सूलबाबत आपल्या घरांत हलालचा प्रश्न येतो, कारण जिलेटिन जनावरांपासून बनते. त्यालाही एचपीएमसीचा पर्याय आहे. आपल्याच उपनगरातील, कांदिवलीची एसीजी कंपनी अशा वनस्पतिजन्य कॅप्सूल बनवते. शंका असल्यास औषध मनाने बंद न करता पर्याय विचारावा.

रोजे ठेवणाऱ्यांसाठीच्या वैद्यकीय मार्गदर्शनानुसार, दिवसातून एकदाची मेटफॉर्मिन एसआर इफ्तारच्या वेळी घेतात. तरी वेळ आणि मात्रा रमजानपूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असेही हे मार्गदर्शन सांगते. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे.

अब्बांना गिळवत नसेल तर तसे डॉक्टरांना सांगा. साधी छोटी गोळी किंवा पातळ औषध मिळू शकते. खर्चाची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात मेटफॉर्मिन एसआर स्वस्तात मिळते. गोळी अर्धी करण्यापेक्षा हे विचारणे केव्हाही बरे.