जेलमधील शर्यत कोण जिंकते?

डी.एन.ए.चे तुकडे लांबीनुसार वेगळे करायचे, तर ते ॲगरोजच्या जेलमधील खाचांत भरून वीजप्रवाह सोडतात. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात. असे का? ‘लहान तुकडा हलका म्हणून’, असे उत्तर वर्गात लगेच येते. ते कितपत बरोबर आहे, ते पाहू.

डी.एन.ए.च्या साखळीतील प्रत्येक फॉस्फेट गटावर ऋण प्रभार असतो. त्यामुळे तुकडे धनाग्राकडे ओढले जातात. तुकडा दुप्पट लांब असला, तर त्यावरील प्रभार दुप्पट, म्हणजे ओढही दुप्पट. पण द्रवाचा विरोधही जवळजवळ दुप्पट! म्हणून नुसत्या द्रावणात शंभर-दोनशे जोड्यांचे अगदी छोटे तुकडे सोडले, तर बाकीचे लहानमोठे तुकडे जवळपास एकाच वेगाने जातात. त्यांना वेगळे करते ती जेलची जाळी. ॲगरोज हा समुद्रशैवालातून मिळणाऱ्या अगरचा, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील चायना ग्रासचा, एक घटक. त्याच्या धाग्यांतून लांब तुकड्याला वाट काढणे कठीण जाते.

म्हणून जाळीची वीण महत्त्वाची. काही हजार बेस-जोड्यांच्या तुकड्यांना साधारण १ टक्का ॲगरोज चालते. काहीशे जोड्यांच्या तुकड्यांना २ टक्के लागते.

घाईने विद्युतदाब वाढवला तर? जेल तापते, पट्टे पसरतात. शिवाय लांब तुकडे ताणले जाऊन सापासारखे सरपटतात आणि लांबीचा फरक पुसला जातो. सुमारे २०,००० जोड्यांपुढे नेहमीच्या जेलची हीच अडचण असते. १९८४ मध्ये श्वार्ट्‌झ आणि कँटर यांनी विद्युतक्षेत्राची दिशा आलटून-पालटून बदलली. प्रत्येक वळणावर लांब रेणूला वळायला अधिक वेळ लागतो, म्हणून यीस्टची अख्खी गुणसूत्रेही वेगळी झाली.

आकाराचे काय? न कापलेले वर्तुळाकार प्लाझ्मिड पीळ पडून घट्ट गुंडाळलेले असते. नेहमीच्या परिस्थितीत ते तेवढ्याच लांबीच्या सरळ तुकड्यापेक्षा पुढे जाते. शेजारच्या सरळ तुकड्यांच्या मापपट्टीवरून त्याची लांबी वाचली, तर उत्तर चुकते. एकाच प्लाझ्मिडचे दोन-तीन पट्टेही दिसू शकतात : पीळदार, एका धाग्यात चीर पडून सैल झालेले आणि तुटून सरळ झालेले. नमुना अशुद्ध म्हणून फेकण्यापूर्वी हे आठवावे.

जेल आपल्याला फक्त तुकडा किती अंतर गेला ते सांगते. लांबी हा आपण काढलेला निष्कर्ष असतो. तुलना सारख्या आकाराच्या तुकड्यांशी, त्याच जेलमध्ये केली असेल, तरच तो भरवशाचा.