कैदेतला कुलकर्ण्याचा पोर

बहमनी आणि विजयनगर यांच्या लढायांत धरलेली पोरेबाळे गुलाम म्हणून जात. त्यांतलाच एक तिमाभट. फिरिश्ता या इतिहासकाराच्या हकिकतीप्रमाणे त्याचे घराणे मूळ पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांचे, पुढे विजयनगरच्या मुलखात गेलेले. अहमदशाह बहमनीच्या फौजेने तिथून त्याला उचलले, मुसलमान करून हसन नाव ठेवले आणि शहजाद्याच्या सोबतीला शिकायला बसवले. पोर हुशार निघाले. फारसी त्याने चटकन आत्मसात केली. हाच पुढे मलिक हसन निजाम-उल-मुल्क. १४८१ मध्ये वजीर महमूद गावानचा बळी घेणाऱ्या कारस्थानात त्याचे नाव घेतले जाते. १४८६ मध्ये त्याचाही खून झाला. चार वर्षांनी त्याच्या मुलाने, अहमदने, निजामशाही उभी केली.

कैदेत गेलेला माणूस कधी घरी परततोही. पुढच्या काळात संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाईंना कैदेतून स्वतः परतता आले, तेही १६८९ ते १७१९ ही वर्षे मोगलांकडे काढून. हसनच्या बाबतीत मात्र पाथरीला पोचली ती नातवाची फौज.

पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत, अगदी सीमेवर. बदल्यात दुसरा मुलूख घ्या, पण आमच्या पूर्वजांचे गाव द्या, असा निरोप या नातवाच्या, अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशाह याच्या दरबारातून गेला. इमादशाह बधला नाही. उलट त्याने तटबंदी भक्कम करायला घेतली! १५१८ मध्ये निजामशाही फौजेने पाथरी घेतली, मग ती हातची गेली, १५२७ मध्ये पुन्हा घेतली. या खेपेस किल्ला पाडला आणि गाव ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिले. फिरिश्ता सांगतो की अकबराच्या काळापर्यंत ते त्यांच्याकडेच होते.