2475 फुटांची राखण

पावसाळा लागला की बेळगावच्या मराठी दैनिकांत राकसकोप जलाशयाची पाणीपातळी नेमाने छापून येते आणि तो आकडा 2475 फुटांकडे सरकू लागला की शहरातील वाचक वर्षभराच्या पाण्याबद्दल निर्धास्त होतो. मात्र हा जलाशय ज्या मार्कंडेय नदीवर आहे तिच्याच खालच्या अंगाला, काकतीच्या शिवारात, ज्याची भातलावणी नुकतीच उरकली आहे असा शेतकरी तोच आकडा निराळ्या काळजीने वाचतो. एका ठिकाणी दिलासा आणि दुसऱ्या ठिकाणी धास्ती देणारा हा आकडा कोण मोजतो, कसा मोजतो आणि तो राखण्यासाठी कोणते काम करावे लागते, याकडे शहराचे लक्ष क्वचितच जाते.

मार्कंडेय ही बैलूरच्या डोंगरात उगम पावणारी नदी आहे. महाराष्ट्रातील चंदगड तालुक्याच्या तुडये गावाला लागून, कर्नाटकाच्या हद्दीत राकसकोप येथे ती अडवलेली असून साठच्या दशकापासून बेळगाव शहर या पाण्यावर जगत आले आहे. येथून पाणी हिंडलग्याच्या पंपिंग स्टेशनला आणि तेथून लक्ष्मीटेकच्या जलशुद्धीकरण केंद्राला जाते. जलाशयाची साठवण सुमारे 0.6 टीएमसी आहे. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, त्या हिशेबाने ही साठवण 1,700 कोटी लिटरच्या आसपास भरते. घटप्रभेवरील हिडकल धरणाच्या 51 टीएमसीपुढे हा साठा लहान दिसतो आणि शहराला आता हिडकलचेही पाणी मिळते. तरीही रोजच्या बोलण्यात ‘राकसकोप भरला का?’ हाच प्रश्न पहिला असतो. धरणातून सुटलेली नदी उचगाव, मण्णूर, आंबेवाडी, कंग्राळी, अलतगे या गावांच्या शिवारांतून काकतीकडे येते आणि पुढे गोकाकच्या बाजूला घटप्रभेला मिळते. जोराच्या पावसात या पट्ट्यातील भात आणि ऊस कित्येक दिवस पाण्याखाली राहतो.

धरणावरील सर्वांत साधे आणि सर्वांत महत्त्वाचे काम पातळी वाचण्याचे आहे. पाण्यात उभ्या केलेल्या, फूट आणि त्याचे भाग रंगवलेल्या पट्टीवर पाणी कोठे टेकले आहे ते पाहून कर्मचारी वहीत आकडा लिहितो आणि फोनवरून कळवतो. वारा असेल तेव्हा लाट पट्टीवर चढते आणि उतरते. अशा वेळी घाईने एक आकडा लिहून मोकळे न होता लाटेचा माथा आणि तळ काही वेळ पाहत त्यांचा मध्य धरावा लागतो, आणि हे मुसळधार पावसात, रात्री बॅटरीच्या उजेडात, कोणी पाहत नसतानाही तसेच करावे लागते. धरणाच्या सुरक्षेविषयीचे सारे शास्त्र शेवटी या माणसाच्या प्रामाणिकपणावर उभे असते, कारण दरवाजा उचलायचा की नाही, हा निर्णय त्याने लिहिलेल्या आकड्यावरून होतो. त्याच्या कामाला प्रतिष्ठा मात्र त्या प्रमाणात मिळालेली नाही.

दुसरे काम दरवाजांचे. जादा पाणी धरणाला धक्का न लावता नदीत सोडण्यासाठी जी वाट ठेवलेली असते तिला महाराष्ट्रात सांडवा म्हणतात, तर बेळगावकडे वेस्टवेअर हाच शब्द रूढ आहे. तेथील दरवाजे क्रमांकाने ओळखले जातात आणि ‘दोन दरवाजे चार इंचांनी उचलले’ अशी त्यांची बातमी होते. या चार इंचांमागे उन्हाळ्यातील तयारी असते: दोर, साखळ्या आणि दंतचक्रे साफ करून त्यांना ग्रीस लावणे, कडांवरील रबरी पट्ट्या बदलणे, गंज खरवडून रंग देणे आणि प्रत्येक दरवाजा एकदा तरी वर-खाली करून पाहणे. तापलेल्या लोखंडावरच्या ताज्या ग्रीसचा आणि उघड्या पडलेल्या गाळाचा मिसळलेला वास मे महिन्यात जेथे येतो, तेथे पावसाळ्याची तयारी खरोखर चालू आहे असे मानावे. कागदावरील तपासणीला तो वास नसतो. तुंगभद्रा धरणाच्या 33 दरवाजांपैकी 19 क्रमांकाचा दरवाजा 10 ऑगस्ट 2024 च्या रात्री वाहून गेला तो साखळी तुटल्यामुळे, आणि त्या जागी वाहत्या पाण्यात पोलादी फळ्या उतरवून प्रवाह अडवण्यास जवळजवळ आठवडा लागला. भिंत शाबूत असताना एका साखळीने एवढे मोठे धरण हतबल केले, ही घटना कर्नाटकातील प्रत्येक लहान जलाशयाच्या देखभालीच्या संदर्भात वाचली पाहिजे.

तिसरे काम तपासणीचे, आणि मातीच्या धरणाची तपासणी पायांनी होते. भरावाच्या माथ्यावरून भेगा आणि खचलेली जागा पाहत जायचे, पाण्याच्या बाजूचे दगडी अस्तर, म्हणजे पिचिंग, कोठे सरकले आहे ते नोंदवायचे आणि मग उतारावर उतरून झुडपे, वारुळे, घुशींची बिळे शोधायची. झाडाचे मूळ मेले की त्याच्या जागी पोकळी उरते आणि पाण्याला तेवढी वाट पुरते. खरी परीक्षा पायथ्याशी असते. मातीच्या कोणत्याही भरावातून थोडे पाणी पाझरतेच आणि त्यात दोष नाही. ते व्ही आकाराची खाच असलेल्या पट्टीवरून वाहू देऊन त्याची उंची मोजतात, म्हणजे पाझर वाढला की कमी झाला ते कळते. पाझर स्वच्छ असेल तोवर चिंता नाही. जलाशयाची पातळी तीच असताना पाझर वाढला किंवा गढूळ झाला, तर धरणाच्या पोटातील माती वाहून जाऊ लागली आहे असे समजून त्याच क्षणी वरिष्ठांना कळवावे लागते. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटून वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा गळतीची तक्रार गावाने आधीच केलेली होती. त्यानंतर खेकड्यांनी धरण पोखरल्याचा खुलासा पुढे आला. पण खेकड्यांची बिळे शोधणे आणि बुजवणे हाच देखभालीचा भाग असल्याने त्या खुलाशाने जबाबदारी कोणाचीच कमी होत नव्हती.

आता पुन्हा 2475. ही जलाशयाची पूर्ण पातळी आहे. तिच्या आणि धरणाच्या माथ्याच्या मध्ये जी उंची मोकळी ठेवतात ती लाटांसाठी आणि अवचित येणाऱ्या पुरासाठी असते, कारण पाणी माथ्यावरून वाहू लागले तर मातीचे धरण काही तासांत कापले जाते. पुण्याचे पानशेत 12 जुलै 1961 रोजी फुटले ते काम पुरते झालेले नसताना पाणी साठल्यामुळे, आणि आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचूनही ते वाचवता आले नाही. म्हणून कोणत्या तारखेला कोणती पातळी ठेवायची याचे वेळापत्रक असते, आणि जुलैच्या मध्यालाच जलाशय काठोकाठ भरू न देता पुढच्या पुरासाठी जागा राखणे शहाणपणाचे असते. परंतु पाऊस लांबलेल्या 2023 सारख्या वर्षाचा जून ज्याने सोसला आहे, त्या शहराला सोडलेले प्रत्येक इंच पाणी वाया गेल्यासारखे वाटते. ही ओढाताण दरवाजापाशी उभ्या असलेल्या माणसाला सोसावी लागते: लवकर सोडले तर शहर रागावते, उशिरा एकदम सोडले तर अलतगे-काकतीची शेते बुडतात. जलाशय भरल्यावर महापौरांच्या हस्ते गंगापूजन होते आणि ते योग्यही आहे. पण त्या दिवशी पातळी वाचणाऱ्याचा आणि ग्रीस लावणाऱ्याचा सत्कार व्हावा, तो त्यांचा हक्क आहे.

धरण सुरक्षा कायदा 2021 डिसेंबर 2021 च्या अखेरीस अमलात आला. 15 मीटरहून उंच धरणे त्याच्या कक्षेत येतातच, शिवाय उंची 10 ते 15 मीटर असून साठा 10 लाख घनमीटर किंवा त्याहून अधिक असेल तर तीही येतात. राकसकोपचा साठा या मर्यादेच्या अनेकपट आहे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी हे या कायद्याने मालकाचे कर्तव्य ठरवले आहे, आणि जुन्या धरणांसाठी आपत्कालीन कृती आराखडा पाच वर्षांत, म्हणजे 2026 च्या अखेरीपर्यंत, तयार करायचा आहे. असा आराखडा अभियंत्याच्या कपाटात राहिला तर काकतीला त्याचा उपयोग नाही. किती दरवाजे किती इंच उचलल्यावर पाणी किती तासांनी कोणत्या पुलाखाली किती चढते, कोणते मळे आधी बुडतात, मोटारी आणि जनावरे कोणत्या वाटेने हलवायची आणि रात्री दोन वाजता फोन कोणाला करायचा, हे मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत लिहून उचगावपासून काकतीपुढच्या होनग्यापर्यंतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर मिरगापूर्वी लागले पाहिजे.