१६ वर्षं वाट बघायला लावली आणि दिली फक्त ८ गाणी, तरी 'द क्युअर'चा अल्बम थेट नंबर वन कसा झाला?

सप्टेंबर २०२४. लंडनच्या दक्षिणेला असलेल्या क्रॉली गावातल्या एका पबबाहेर एक काळं पोस्टर लागलं. त्यावर रोमन आकड्यांमध्ये एक तारीख होती. त्याच सुमारास जगभरातल्या काही चाहत्यांच्या घरी पोस्टकार्डं येऊन पडली. त्यांवरही तीच तारीख, १ नोव्हेंबर २०२४.

ज्यांना कळायचं त्यांना लगेच कळलं, कारण सत्तरच्या दशकात याच पबमध्ये शाळकरी मित्रांचा एक बँड वाजवायचा. त्याचं नाव 'द क्युअर'. या बँडचा शेवटचा अल्बम २००८ मध्ये आला होता. म्हणजे तेव्हा जन्मलेली मुलं आता दहावी उरकून बसलीयेत.

तुम्ही म्हणाल, हा बँड कोण? नाव माहीत नसलं तरी 'फ्रायडे आय एम इन लव्ह' हे गाणं कुठल्या ना कुठल्या रीलमध्ये तुमच्या कानावर पडलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. विस्कटलेले काळे केस, डोळ्यांत काजळ, ओठांबाहेर फिसकटलेली लिपस्टिक असा जो गायक दिसतो, तो रॉबर्ट स्मिथ. बँड त्याचाच. १९७९ मध्ये पहिला अल्बम आला आणि पुढच्या तीसेक वर्षांत एकूण १३. मोठ्या कंपन्यांच्या गुळगुळीत पॉपपेक्षा वेगळं, थोडं अंधारलेलं असं जे संगीत पुढे 'अल्टरनेटिव्ह रॉक' म्हणून ओळखलं गेलं, ते घडवणाऱ्यांत हे नाव फार वर येतं.

या बँडची सगळ्यात गाजलेली कामगिरी म्हणजे १९८९ चा 'डिसइंटिग्रेशन'. तेव्हा स्मिथ तिशीत पाऊल टाकत होता आणि आपलं वय झालं, सगळं हातातून निसटतंय, या विचाराने त्याला ग्रासलं होतं. आज ऐकताना याचं थोडं हसू येतं. तिशी म्हणजे काय म्हातारपण? पण त्या भीतीतून निघालेला अल्बम अस्सल होता, म्हणून लोक तो अजून ऐकतात. नव्या अल्बमची गोष्ट समजून घ्यायची तर हे आधी लक्षात घ्यावं लागतं. कारण 'साँग्स ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड'चा विषयही तोच आहे, वेळ निसटण्याचा. फरक एवढाच, की हा अल्बम आला तेव्हा गाणारा माणूस ६५ वर्षांचा होता आणि निसटायचं ते खरोखरच निसटून गेलं होतं.

मग एवढा उशीर का झाला? २०१८ मध्ये बँडने ४० वर्षं पूर्ण केली, लंडनच्या हाइड पार्कमध्ये मोठा कार्यक्रम केला. त्याच वर्षी स्मिथने 'मेल्टडाउन' या महोत्सवाची सूत्रं सांभाळली, तिथे तरुण बँड ऐकले आणि त्याला पुन्हा लिहावंसं वाटलं. २०१९ मध्येच अल्बम येणार असं त्याने सांगून टाकलं. तो आला नाही. मग पुढच्या वर्षी, मग त्याच्या पुढच्या. स्मिथच्या तारखा म्हणजे घर ताब्यात देणाऱ्या बिल्डरच्या तारखा, असं चाहतेही धरून चालू लागले.

पण या काळात त्याच्या घरात काय चाललं होतं? आई गेली, वडील गेले आणि मोठा भाऊ रिचर्डही गेला. तरुणपणी मृत्यू हा आपल्यासाठी एक रोमँटिक विषय होता, घरातली माणसं जायला लागली तेव्हा त्याचा अर्थच बदलला, अशा आशयाचं तो मुलाखतींमध्ये बोललाय. अल्बममधलं 'आय कॅन नेव्हर से गुडबाय' हे गाणं या भावासाठी आहे. ते २०२२ मध्ये पोलंडच्या क्राकूव शहरात पहिल्यांदा स्टेजवर वाजलं, म्हणजे अल्बमच्या दोन वर्षं आधी. रोज रात्री हजारो लोकांसमोर ते गाण्याने दुःख पेलायला मदत झाली, असं स्मिथचं म्हणणं आहे.

इतर गाण्यांमागेही अशाच खऱ्या गोष्टी आहेत. 'अँड नथिंग इज फॉरेव्हर' हे गाणं एका न पाळता आलेल्या शब्दाबद्दल आहे. खूप आजारी असलेल्या व्यक्तीला तिच्या शेवटच्या क्षणी सोबत असेन असं सांगितलं होतं, आणि ते जमलं नाही. 'एंडसाँग' सुचलं ते घरामागच्या बागेत चंद्राकडे बघताना. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला तेव्हा दहा वर्षांचा रॉबर्ट वडिलांबरोबर आकाशाकडे बघत होता, त्याची पन्नास वर्षांनी आठवण झाली. आणि 'ड्रोन:नोड्रोन'चं मूळ तर आणखी घरगुती. बागेत असताना डोक्यावरून कुणाचा तरी कॅमेऱ्यावाला ड्रोन गेला आणि हा भडकला!

यातली आठही गाणी स्मिथने एकट्याने लिहिली आहेत. १९८५ च्या 'द हेड ऑन द डोअर'नंतर असं पहिल्यांदाच झालं.

आता खरी गंमत गाण्यांच्या लांबीत आहे. स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद वाजलं तर ते एकदा 'ऐकलं' असं मोजलं जातं आणि त्यावर पैसे ठरतात. त्यामुळे आजकालची बरीच गाणी आखूड असतात, मुखडा सुरुवातीलाच येतो, कारण ऐकणाऱ्याने अंगठा सरकवायच्या आत त्याला पकडायचं असतं. 'द क्युअर'ने अल्बममधलं पहिलं गाणं म्हणून बाहेर काढलं ते 'अलोन'. त्यात पहिली तीन मिनिटं उलटून गेली तरी स्मिथ तोंडच उघडत नाही. नुसते ड्रम, घुमणारा बास आणि कीबोर्ड. तेवढ्या वेळात सहा गाण्यांचं 'ऐकलं' मोजून झालं असतं. शेवटचं 'एंडसाँग' तर दहा मिनिटांहून मोठं आहे आणि त्यात आवाज यायला सहा मिनिटांहून जास्त थांबावं लागतं.

हा हट्ट वाटू शकतो, पण कानाला तो तसा लागत नाही. शास्त्रीय मैफलीत आलाप चालू असताना बंदिश कधी येणार म्हणून कुणी घड्याळ बघत नाही, तसंच काहीसं. वाद्यांनी आधी एक जागा तयार केलेली असते, आवाज येतो तो त्या जागेत. 'अलोन'ची पहिली ओळ स्मिथला बरेच दिवस सापडत नव्हती. शेवटी १९०० मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी वारलेल्या अर्नेस्ट डॉसन या इंग्रज कवीची 'ड्रेग्ज' ही कविता आठवली आणि गाणं सुटलं. ते सुटलं तेव्हा अल्बमही खरा वाटायला लागला, असं तो सांगतो.

आता तिकिटांचं. हा भाग संगीताबाहेरचा वाटेल, पण लोकांनी या बँडसाठी इतकी वर्षं कळ का काढली याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

२०२३ मध्ये बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. तिकडे मोठ्या कार्यक्रमांना 'डायनॅमिक प्रायसिंग' चालतं, म्हणजे विमानाच्या तिकिटासारखं. मागणी वाढली की त्याच खुर्चीची किंमत वाढते. स्मिथने ते नाकारलं. काही ठिकाणी तिकीट फक्त २० डॉलरला ठेवलं आणि काळा बाजार होऊ नये म्हणून, कायद्याने परवानगी होती तिथे, ते दुसऱ्याला विकायची सोय बंद केली. विक्री सुरू झाली आणि लोकांनी स्क्रीनशॉट टाकायला सुरुवात केली. २० डॉलरच्या तिकिटावर टिकटमास्टर कंपनीची वेगवेगळी फी धरली तर ती तिकिटापेक्षाही जास्त होत होती! स्मिथ ट्विटरवर नेहमी सगळी अक्षरं कॅपिटलमध्ये लिहितो, त्यामुळे एरवीही तो ओरडतोय असंच वाटतं. या वेळी तो खरंच ओरडत होता. कंपनीला अखेर नमतं घ्यावं लागलं. सगळ्यात स्वस्त तिकिटांमागे १० डॉलर आणि बाकीच्यांमागे ५ डॉलर परत मिळाले. रक्कम किरकोळच, पण तिकीट कंपनीकडून पैसे परत मिळवून देणारे कलाकार किती सापडतील?

याच दौऱ्यात नव्या अल्बममधली गाणी रोज वाजत होती. लोक ती फोनवर रेकॉर्ड करून, धूसर आवाजात ऐकून पाठ करत होते. त्यामुळे १ नोव्हेंबर उजाडला तेव्हा बरीचशी गाणी चाहत्यांच्या ओळखीची होती. त्या संध्याकाळी लंडनच्या ट्रॉक्सी या जुन्या थिएटरमध्ये बँडने अख्खा अल्बम वाजवला, मग जुनी गाणी सुरू झाली. एकूण ३१ गाणी, जवळपास तीन तास, यूट्यूबवर सगळ्यांसाठी फुकट. पुढच्या आठवड्यात ब्रिटनच्या यादीत अल्बम पहिला आला. त्याआधी या बँडला हे जमलं होतं १९९२ मध्ये. अमेरिकेत तो चौथ्या क्रमांकापर्यंत गेला.

२०२९ मध्ये स्मिथ ७० वर्षांचा होईल आणि पहिल्या अल्बमला ५० वर्षं होतील. तिथे थांबायचं, असं त्याने जाहीर केलंय. त्याआधी आणखी एक अल्बम येणार आहे, तो जवळजवळ तयार आहे, असंही तो म्हणतो. चाहत्यांनी तारीख विचारलेली नाही.